लग्नाची धास्ती आणि तीन प्रेमपट : कोणता निवडावा?

पुण्यात स्थळे पाहणे सुरू आहे, मुलगा किंवा मुलगी नापसंतही नाही, पण होकार कळवायची वेळ आली की पोटात गोळा येतो, अशा मनःस्थितीत या विषयावरचा विनोदी चित्रपट पाहायचा झाल्यास तीन नावांचा विचार करता येईल : सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ (२०१५), मनीष शर्मा यांचा ‘शुद्ध देसी रोमान्स’ (२०१३) आणि जड अपाटो यांचा अमेरिकी ‘ट्रेनरेक’ (२०१५). ही भीती खोटी ठरवायची, बरी करायची की तिच्यासह जगायचे, यावर तिघांची वाट वेगळी होते.

‘मुंबई-पुणे-मुंबई’चा पहिला भाग (२०१०) पुण्यात फिरणाऱ्या दोघांच्या गप्पांवर उभा होता. दुसऱ्या भागात दोन्ही घरे लग्नाच्या तयारीला लागतात आणि नायिका गौरीचे मन डळमळू लागते. मुक्ता बर्वे यांनी ही घालमेल संयमाने दाखवली आहे. तरीही जुना प्रियकर परत आणून लेखनाने सोपी पळवाट शोधली, असे वाटते, कारण कोणी तिसरा नसतानाही माणूस घाबरतोच. आईवडिलांसोबत मात्र हा निर्धास्त पाहावा.

‘ट्रेनरेक’ तसा पाहता येणार नाही. त्यातील शारीरिक संबंधांबद्दलची भाषा मोकळी आहे आणि अमेरिकेत त्याला ‘आर’ मानांकन होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नव्हता. सुरुवातीलाच घटस्फोट घेणारा बाप दोन लहान मुलींना विचारतो की, आयुष्यभर एकाच बाहुलीशी खेळायचे म्हटले तर चालेल का. आणि एकनिष्ठा व्यवहार्य नाही, हे त्यांच्याकडून घोकून घेतो. भीती घरातून कशी येते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल. ॲमी शूमर यांचे लेखन इथे धारदार आहे. त्या दोघींपैकी एक मोठी होऊन चित्रपटाची नायिका होते, पण उत्तरार्धात ती सुधारण्याच्या मार्गाला लागते आणि शेवट फारच सोयीचा होतो.

‘शुद्ध देसी रोमान्स’ जयपूरमध्ये घडतो. भाडोत्री वऱ्हाडी म्हणून लग्नांत मिरवणारा रघू स्वतःच्या लग्नातून बाथरूमचे निमित्त करून पळतो, पुढे त्याची प्रेयसी गायत्रीही तेच करते, आणि वऱ्हाडाच्या जेवणाची जबाबदारी घेणारे ऋषी कपूर वैतागून हा तमाशा पाहत राहतात. पळापळीची पुनरुक्ती मध्यंतरानंतर जाणवते. पण अखेरीस दोघे लग्न टाळून एकत्र राहतात आणि जयदीप साहनी यांची पटकथा त्यांना त्याबद्दल शिक्षा करत नाही. धास्तीला आजार न मानणारा तिघांतला हा एकमेव चित्रपट आहे.

होकार-नकार अजून अधांतरी असेल, तर हाच आधी पाहावा, शक्यतो ज्याच्याशी बोलणी चालू आहेत त्याच्यासोबत. शेवटावर मतभेद झाले तर ते मुहूर्त काढण्याआधीच झालेले बरे. केळवणे सुरू झाली असतील, तर ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ घ्यावा, मात्र पहिला भाग पाहून मगच.