एकच सर्व्हर, एकच ईआरपी: दारावर एन्जिनएक्स, ट्रॅफिक की कॅडी?

स्टॉक, बिलं आणि हिशेब एकत्र सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर म्हणून ईआरपीनेक्स्ट घ्यायचं की ओडू, यावर आपल्याकडचे कारखानदार दोन-दोन महिने विचार करतात, आणि ते योग्यच आहे. पण सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या बंदिस्त डब्यात, एकदा चढलं की पुढचं एचटीटीपीएसचं, म्हणजे ब्राउझरशी सुरक्षित जोडणीचं, काम “तेवढं करून टाका” म्हणून सोडलं जातं. माझ्या अनुभवात गाडी तिथेच अडते. म्हणून हा आढावा त्या एकाच गोष्टीचा आहे: ब्राउझर आणि कंटेनर यांच्यामध्ये, सर्व्हरच्या दारावर कोणाला उभं करायचं? एन्जिनएक्स, ट्रॅफिक आणि कॅडी हे तिन्ही दारावरचं हे काम करणारे प्रोग्राम आहेत.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी एन्जिनएक्स आणि एचटीटीपीएसला लागणारं सर्टिफिकेट आणून देणारा सर्टबॉट लावले होते. गड्डा यात्रेच्या सुट्ट्या संपल्या आणि पहिल्याच सकाळी डिस्पॅचवाल्या मुलाचा फोन आला, “सर, धोक्याचं पान येतंय. तसंच पुढं जाऊ का?” गेटवर मुंबईची गाडी भरून उभी होती आणि बिल निघत नव्हतं. सर्टिफिकेटची मुदत रात्री संपली होती. तपासलं तर सर्टबॉटने महिन्याभरापूर्वीच नवं सर्टिफिकेट आणून डिस्कवर ठेवलेलं. एन्जिनएक्सच्या कंटेनरला मात्र ते कोणी सांगितलंच नव्हतं, तो मेमरीतलं जुनंच दाखवत बसला होता. रीलोडची, म्हणजे फाइल पुन्हा वाचण्याची, एक आज्ञा दिली आणि दोन सेकंदांत काम झालं. गाडी तोवर पाऊण तास थांबली होती.

तेव्हापासून मी एकाच प्रश्नावर निवड करतो: कोणाच्याही लक्षात नसताना सर्टिफिकेट बदलेल का? सोलापुरातल्या बहुतेक कारखान्यांत सर्व्हर सांभाळायला पगारी माणूस नसतो. हिशेब बघणाराच संगणकही बघतो. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं, म्हणजे वर्षातून निदान चार वेळा ही वेळ येणार. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केलं आहे. शिवाय कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने बदलू, हा पर्याय आता उरलेला नाही.

वेगाचा मुद्दा बाजूला ठेवा. वीस-पंचवीस माणसं वापरणाऱ्या ईआरपीला तिन्ही सारखेच. ताण येतो तो डेटाबेसवर.

एन्जिनएक्स २००४ पासून आहे, त्याची माहिती मुबलक मिळते आणि पुण्याहून कोणालाही बोलावलं तरी त्याला तो येतोच. ही मोठी जमेची बाजू आहे. पण प्रत्येक गोष्ट आपण लिहायची. पाठवायच्या फाइलची मर्यादा मुळात १ एमबी असते, त्यामुळे टॉवेलच्या डिझाइनचा जरा मोठा फोटो चढवला की ‘फाइल फार मोठी’ असा ४१३ चा एरर. उत्तराची वाट तो ६० सेकंद बघतो. वर्षाचा स्टॉक रिपोर्ट त्याहून जास्त वेळ घेऊ लागला की ‘उत्तर वेळेत आलं नाही’ असा ५०४. ओडूचं चॅट आणि नोटिफिकेशन वेगळ्या पोर्टवरून (सर्व्हरच्या क्रमांकाच्या दारावरून), ८०७२ वरून, वेबसॉकेटने, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने, चालतं. त्यासाठीच्या सूचना (हेडर) स्वतः लिहावे लागतात. सर्टबॉट वेगळा, त्याची वेळ वेगळी, आणि नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप रीलोड करणारा हुक विसरलात तर वर सांगितलेली सकाळ तुमच्याकडेही येईल. हुक लावलेला असेल तर मात्र ही रचना वर्षानुवर्षं न कुरकुरता चालते.

ट्रॅफिक नावाचा प्रोग्राम कंटेनरवरची लेबलं वाचून रस्ता स्वतः ठरवतो, सर्टिफिकेट स्वतः आणतो आणि स्वतःच बदलतो. ईआरपीनेक्स्टच्या अधिकृत डॉकर मांडणीत एचटीटीपीएससाठी त्याचीच तयार फाइल दिलेली आहे, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. नंतरची दुरुस्ती तितकी सोपी नाही. लेबलमध्ये एक अक्षर चुकलं की ४०४ येतो, आणि चूक कुठे आहे ते शोधताना नवख्या माणसाचा अर्धा दिवस जातो. सर्टिफिकेटच्या फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, नसेल तर तो ती वापरायला नकार देतो. माझी खरी काळजी वेगळी आहे. त्याला डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरशी बोलण्याची वाट, वाचायला द्यावं लागतं, आणि सॉकेट हातात म्हणजे जवळजवळ अख्खा सर्व्हर हातात. ‘फक्त वाचण्यापुरतं’ असं लिहून जोडलं तरी तो धोका जात नाही. शिवाय डॉकरशी इतकं जवळचं नातं असलं की तिकडच्या बदलाचा फटका इकडे बसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉकर २९ ने जुन्या आवृत्तीची बोली ऐकणं बंद केलं, तेव्हा जुने ट्रॅफिक असलेल्या अनेकांच्या साइट एका अपडेटसरशी बंद पडल्या.

कॅडीची फाइल मी कारखानदाराला समोर उघडून दाखवतो. पहिल्या ओळीत डोमेनचं नाव, दुसऱ्या ओळीत कोणत्या कंटेनरच्या कोणत्या पोर्टकडे पाठवायचं, आणि एक बंद होणारा कंस. संपलं. सर्टिफिकेट आणणं, मुदतीचा तिसरा हिस्सा उरला की बदलणं, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे वळवणं, वेबसॉकेट, सगळं न सांगता होतं. ओडूच्या ८०७२ साठी एक ओळ वाढते, एवढंच. हिशेबनीसालाही ती फाइल वाचून कळते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

कॅडीत एकच जागा जपायची: त्याचा डेटा फोल्डर कंटेनरबाहेरच्या कायमच्या व्हॉल्यूमवर ठेवा. तो कंटेनरच्या आतच राहिला तर कंटेनर नव्याने बनवला की जुनं सर्टिफिकेट जातं आणि तो पुन्हा नवं मागतो. लेट्स एन्क्रिप्ट एकाच नावासाठी आठवड्यात पाचच तशी सर्टिफिकेटं देतं. चाचणीच्या भरात एका दुपारीच ती संपतात. म्हणून चाचणी त्यांच्या चाचणीसाठीच्या (स्टेजिंग) सर्व्हरवर करा.

सर्व्हर भाड्याचा असेल, ईआरपी एक किंवा दोन असतील, तर मी कॅडीच लावतो. कामावरचा माणूस एन्जिनएक्सवर रोज हात असलेला असेल तर त्याला बळेच बदलायला लावू नका, हुक आहे की नाही तेवढं डोळ्यांनी बघा. त्याच सर्व्हरवर दर महिन्याला नवी ॲप्स चढणार असतील तर ट्रॅफिकची मेहनत वसूल होते.

सर्व्हर कारखान्यातच ठेवायचा असेल तर हिशेब बदलतो. चिंचोळी एमआयडीसीत असो की शहरात, इंटरनेट अनेक ग्राहकांत वाटलेल्या सामायिक आयपीवर मिळालं असेल तर बाहेरून पोर्ट ८० वर कोणी पोचूच शकत नाही, आणि सर्टिफिकेटची नेहमीची तपासणी तिथेच अडते. मग डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या वहीत, नोंद घालून डोमेनची मालकी सिद्ध करावी लागते. इथे ट्रॅफिक पुढे आहे, कारण कितीतरी डीएनएस कंपन्यांची सोय त्याच्यात आधीपासून असते. कॅडीला त्यासाठी प्लगइन घालून वेगळा बनवून घ्यावा लागतो. तरीही उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा, वीज जाणं आणि लूमजवळच्या हवेतले कापसाचे तंतू बघता सर्व्हर भाड्याने घ्या, असंच मी सांगेन. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा, हा २०२२ पासूनचा नियम आहे. भाड्याची जागा निवडताना तो लक्षात असू द्या.

काहीही निवडलंत तरी एक तपासणी स्वतः करा. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलला वळसा घालून थेट बाहेर उघडं पडतं. फायरवॉल चालू दिसते आणि ओडू ८०६९ वर जगाला एचटीटीपीएसशिवाय दिसत असतो. मोबाईलचं वायफाय बंद करून, डोमेनच्या पुढे ते पोर्ट टाकून बघा. लॉगिनचं पान उघडलं, तर कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचा स्वतःपुरता पत्ता, लिहा, कंटेनर पुन्हा चढवा, आणि मोबाईलवर परत एकदा बघा.