भूलतज्ज्ञांच्या पूर्वतपासणीचा अनुभव
शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी दिलेला अर्धा तास हा रुग्णालयातील भूलसेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटला. प्रोपोफॉल हे भुलीचे औषध मेंदूतील ‘गाबा’ या शमन करणाऱ्या चेतापारेषकाचा (चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनाचा) परिणाम वाढवते, त्यामुळे क्लोराइड आयन (ऋण विद्युतभार असलेले कण) चेतापेशीत शिरतात आणि ती सहजासहजी उद्दीपित होत नाही, तर केटामाइन हे भुलीचे दुसरे औषध ग्लुटामेट या उद्दीपित करणाऱ्या चेतापारेषकाच्या एनएमडीए ग्राहींना (त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या, चेतापेशीवरील रेणूंना) अडवते, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. भूल म्हणजे नुसती गाढ झोप नव्हे, हे तेव्हा नीट उमगले. दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल शिरेत जाताना हात चुरचुरला, पण पूर्वकल्पना असल्याने भीती वाटली नाही. शुद्धीवर आल्यानंतरच्या मळमळीविषयी मात्र कुणीच सांगितले नव्हते; ही उणीव मला गंभीर वाटते.