हरित वाढ की डीग्रोथ? कोराडीच्या राखेवरून पाहिलं तर

एमएच्या प्रबंधाचा विषय ठरवायला बसलेला माझा भाचा परवा तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर म्हणाला, "मामाजी, हरित वाढ घेऊ का डीग्रोथ? दोन्ही पटतात न." डीग्रोथ म्हणजे पर्यावरणासाठी वाढीची धाव मुद्दाम आवरणं. आणखी कोणी याच पेचात असेल, म्हणून त्याला सांगितलं तेच इथं.

हरित वाढवाल्यांचं म्हणणं असं, की अर्थव्यवस्था वाढू द्या, इंधन बदला, कार्बनला किंमत लावा. त्यांच्याकडे पुरावा आहे. ब्रिटनमध्ये 1990 नंतर उत्पन्न वाढलं आणि देशातलं उत्सर्जन निम्म्याच्या आसपास घटलं. अर्थात, तिथं वापरला जाणारा बराच माल आता दुसऱ्यांच्या देशात धूर सोडून तयार होतो, हेही त्यात धरायला हवं.

आपल्याच दारातलं बघा. नागपूरजवळच्या कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, त्यांच्यासाठी भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी नेतात. योजना दिवसाला 13 कोटी लिटरची. पिण्याजोगं पाणी वाचलं, काम चोख. पण वीज राज्यभर जाते आणि राख इथल्या गावांच्या वाट्याला येते. 2022 च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांपर्यंत गेली. हरित वाढीच्या वहीत किती टन हे लिहिलेलं सापडतं, कोणाच्या शेतात ते शोधावं लागतं. युरोपनं 2026 पासून आयात पोलाद-सिमेंटवर कार्बन शुल्क लागू केलं, त्यातही हेच: आजचा धूर मोजला, दीडशे वर्षांचा त्यांचा स्वतःचा नाही.

डीग्रोथ नेमकी तिथूनच सुरू होते. जगातल्या वरच्या 10 टक्क्यांकडे सुमारे 76 टक्के संपत्ती, खालच्या निम्म्या लोकांकडे जेमतेम 2 टक्के. म्हणून आधी श्रीमंतांनी वापर आटवावा, बाकीच्यांच्या गरजा भागू द्याव्यात. हे खूळ परदेशी वाटत असेल तर वर्धा काही लांब नाही. 1934 साली तिथं निघालेल्या ग्रामोद्योग संघात गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा निसर्गाला झेपेल एवढंच उत्पादन, याच पायावर अर्थशास्त्र मांडत होते.

पण बुटीबोरीच्या कारखान्यांत नोकरी शोधणाऱ्या पोराला 'वाढ पुरे' सांगून बघा! शिवाय तिकडच्यांनी कपडे कमी घेतले तर आपल्या कापसाचं काय, याचं धड उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आकडेवारी हरित वाढीकडे भरपूर, डीग्रोथकडे तुटपुंजी. वर्षभरात प्रबंध द्यायचा असेल तर हा मुद्दा लहान नाही.

माझं मत? वर्षाला दरडोई 14 टनांच्या आसपास कार्बन सोडणाऱ्या अमेरिकेला डीग्रोथ लागू करा. 2 टनांच्या घरातल्या भारताला वाढ हवीच, फक्त राखेचा खर्च वीजदरात धरून.

भाच्यानं शेवटी हरित वाढ घेतली. प्रश्नावली मात्र तो खसाळ्यात जाऊन भरून घेणार आहे.