कामगारजीवनाच्या कादंबऱ्यांचा संग्रह: पहिली आवृत्ती की कामगारांच्या हाती पोहोचलेली प्रत?

गिरण्या, खाणी, कत्तलखाने, गोद्या आणि शेतमजुरी यांवरच्या कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती जमवण्याचे ज्याने मनावर घेतले आहे, त्याच्यापुढे लवकरच दोन वाटा येतात. एक वाट नामांकित कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्तीतल्या, पहिल्याच मुद्रणातल्या (म्हणजे त्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईतल्या) आणि शक्य तर मूळ वेष्टनासह (पुठ्ठ्यावर चढवलेल्या सुट्या कागदी आवरणासह) टिकलेल्या मोजक्या प्रती मिळवण्याची. दुसरी वाट त्याच कादंबऱ्यांच्या सुरुवातीच्या स्वस्त आवृत्त्या, पक्षांच्या व कामगार संघटनांच्या प्रकाशनगृहांनी काढलेली पुस्तके आणि ज्या नियतकालिकांतून त्या क्रमशः आल्या त्यांचे अंक जमवण्याची. पैसा, जागा आणि वेळ या तिन्हींना मर्यादा असल्याने दोन्ही वाटांनी एकदम चालणे फारच थोड्यांना जमते. इतर साहित्यप्रकारांत पहिली वाट सहसा निर्विवाद मानली जाते. या विषयात मात्र ती डोळे मिटून धरावी असे मला वाटत नाही.

पहिल्या वाटेचे आकर्षण तिच्या नेमकेपणात आहे. काय शोधायचे, ते कसे ओळखायचे आणि सापडल्यावर त्याला मोल किती, हे जाणकारांनी आणि ग्रंथसूचिकारांनी बऱ्याच अंशी ठरवून ठेवलेले असते. जॉन स्टाइनबेक यांची स्थलांतरित शेतमजुरांवरची ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ व्हायकिंग प्रेसने एप्रिल १९३९ मध्ये काढली. कॉपीराइटच्या पानावर तसा उल्लेख आहे आणि नंतरच्या मुद्रणांची नोंद नाही, एवढे पाहिले की पुस्तकाची परीक्षा निम्मी होते. उरलेली निम्मी वेष्टनाची. पहिल्या मुद्रणाच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर, खालच्या कोपऱ्यात, पहिली आवृत्ती असल्याचे छापलेले असते. तो कोपरा कापलेला असेल, तर ते वेष्टन याच मुद्रणाचे आहे हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते. हे पुस्तक पहिल्याच वर्षी प्रचंड खपले, त्यामुळे नुसते पुस्तक तसे दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते चांगल्या स्थितीतले वेष्टन, आणि किमतीचा मोठा भाग त्या एका कागदालाच मोजावा लागतो.

म्हणूनच लबाडीही तिथेच होते. नंतरच्या मुद्रणाचे किंवा दुसऱ्याच प्रतीचे वेष्टन चांगल्या पुस्तकावर चढवले जाते, आणि कधी कधी तर सरळ नवी नक्कल छापून घातली जाते. हातात प्रत आल्यावर वेष्टन अलगद उतरवावे आणि पुठ्ठ्यावरच्या खुणांशी ताडून पाहावे. वेष्टनाची पाठ (पुस्तकाच्या कण्यावरचा भाग) उन्हाने विटलेली आहे आणि खालचे कापड मात्र त्याहून अधिक विटलेले आहे, असे दिसले तर हे पुस्तक बराच काळ उघडे राहिलेले आहे आणि त्याचे वेष्टन बाहेरून आले असण्याचा संभव मोठा आहे. घड्या पुस्तकाच्या जाडीशी जुळतात का, पुठ्ठ्याचा कोपरा जिथे चेपला आहे तिथे वेष्टनही चुरगळले आहे का, आतल्या कोऱ्या बाजूला वयाची पिवळसर छटा आली आहे का, हे सारे पाहावे. भिंगाखाली चित्राचे ठिपके आणि अक्षरांच्या कडा तपासल्या की आधुनिक नक्कल बहुधा उघडी पडते. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, तर छायाचित्रावरून केलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली दिसतात. विक्रेता वेष्टन ‘पुरवलेले’, म्हणजे दुसऱ्या प्रतीवरून आणलेले, आहे असे मोकळेपणाने सांगत असेल तर तो दोष नव्हे, पण त्याचा दर वेगळा असायला हवा.

नेमकेपणाचा अतिरेकही याच वाटेवर पाहायला मिळतो. अप्टन सिंक्लेअर यांच्या शिकागोच्या मांसउद्योगावरील ‘द जंगल’ या कादंबरीची डबलडे, पेज अँड कंपनीची १९०६ ची प्रत घेताना संग्राहक कॉपीराइटच्या पानावरच्या १९०६ मधला ‘१’ हा आकडा अखंड आहे की तुटका, हे पाहतात. अखंड आकड्याची प्रत आधी छापलेली मानली जाते. झिजलेल्या टंकावरून (छपाईच्या अक्षरावरून) छपाईचा क्रम लावण्याची ही रीत शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. पण त्याच वर्षी, छपाईच्या त्याच पाट्यांवरून, सिंक्लेअर यांनी आगाऊ पैसे भरणाऱ्या वाचकांसाठी ‘जंगल पब्लिशिंग कंपनी’च्या नावाने वेगळ्या प्रती काढल्या, ज्यांच्या मुखपृष्ठावर समाजवादी पक्षाचे चिन्ह आहे. पुस्तक निघावे म्हणून आधीच पैसे पाठवणाऱ्या वाचकाची ती प्रत मला त्या अखंड ‘१’ पेक्षा अधिक बोलकी वाटते.

आता मजकुराचा प्रश्न, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. ‘पहिली’ प्रत म्हणजे लेखकाला अभिप्रेत असलेली प्रत, असे आपण नकळत धरून चालतो. कामगारजीवनाच्या कादंबऱ्यांत हे गृहीतक वारंवार कोसळते, कारण या पुस्तकांवर प्रकाशकाची कात्री, मासिकाची पानमर्यादा आणि सरकारी सेन्सॉर यांचा हात इतर कादंबऱ्यांपेक्षा जास्त फिरला आहे.

सर्वांत ठळक उदाहरण रॉबर्ट ट्रेसेल यांचे. घरे रंगवण्याचे काम करणाऱ्या या लेखकाचा १९११ मध्ये मृत्यू झाला आणि ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलांथ्रॉपिस्ट्स’ ही त्यांची एकमेव कादंबरी १९१४ मध्ये ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाने छापली. संपादक जेसी पोप यांनी तिच्यातला मोठा भाग कापला आणि क्रमही असा बदलला की मूळची आशावादी अखेर जाऊन पुस्तक निराशेवर संपले. १९१८ मध्ये त्याहूनही संक्षिप्त अशी स्वस्त आवृत्ती निघाली. हस्तलिखितावर आधारलेला संपूर्ण मजकूर फ्रेड बॉल यांच्या संपादनाखाली लॉरेन्स अँड विशार्टने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी. या एका पुस्तकाच्या तीन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या तर बाजारभावाच्या दृष्टीने १९१४ ची प्रत पुढे असेल, मजकुराच्या दृष्टीने १९५५ ची, आणि मधल्या दशकांत कामगारांमध्ये पुस्तक कसे फिरले हे पाहायचे तर कापलेली स्वस्त आवृत्तीच जवळची ठरेल. तिन्ही घेणे परवडत नसेल तर मी १९५५ ची आधी घेईन. ती तुलनेने सहज मिळते आणि तिच्याशिवाय उरलेल्या दोन प्रतींत काय हरवले आहे, हेच कळत नाही.

क्रमशः छपाई आणि पुस्तक यांतला संबंधही एकाच दिशेने जात नाही. ‘द जंगल’ १९०५ मध्ये ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकात आली तेव्हा ती पुस्तकापेक्षा बरीच मोठी होती. पुस्तकात ३१ प्रकरणे आहेत, साप्ताहिकातल्या पाठात ३६ होती. इथे नियतकालिकाचे अंक जमवणाऱ्याच्या हाती अधिक मजकूर येतो. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘नॉर्थ अँड साउथ’चे नेमके उलट झाले. डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात ती सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ या काळात आली, शेवट जागेअभावी घाईने गुंडाळावा लागला, आणि १८५५ च्या दोन खंडांच्या पुस्तकात लेखिकेने नवी प्रकरणे घालून तो सविस्तर केला. त्याच साप्ताहिकात त्याआधी आलेल्या डिकन्स यांच्या ‘हार्ड टाइम्स’ला पेरणी, कापणी आणि साठवण अशी तीन भागांची रचना व प्रकरणांची शीर्षके १८५४ च्या पुस्तकात मिळाली. तेव्हा ‘आधीचे ते अस्सल’ हा नियम दर पुस्तकागणिक तपासून घ्यावा लागतो. सरसकट लावला तर फसगत होते.

सेन्सॉरची गोष्ट आणखी वेगळी. ताकिजी कोबायाशी यांची खेकडे पकडणाऱ्या जहाजावरच्या मजुरांची ‘कानिकोसेन’ १९२९ च्या मे आणि जूनमध्ये ‘सेन्की’ या मासिकात आली आणि जूनच्या अंकावर बंदी आली. त्या काळच्या जपानी छपाईत आक्षेपार्ह शब्दांच्या जागी फुल्या छापण्याची पद्धत होती, आणि त्या फुल्या कुठे आहेत हाच त्या प्रतींचा इतिहास आहे. गॉर्की यांची ‘आई’ तर रशियन पुस्तकाच्या आधी इंग्रजी अनुवादात अमेरिकन मासिकात सुरू झाली होती. रशियात छापलेल्या पाठावर सेन्सॉरने हात चालवला. मूळ भाषेतली प्रत घ्यावी की आधी छापलेली, हा प्रश्न इथे केवळ तात्त्विक राहत नाही.

दुसऱ्या वाटेवर चालणाऱ्याला संग्राहकांचा एक जुना पूर्वग्रह सोडावा लागतो, तो म्हणजे बुक क्लबची प्रत कमअस्सल. अमेरिकेतल्या व्यापारी बुक क्लबांच्या बाबतीत तो बहुतांशी खरा आहे. मागच्या पुठ्ठ्यावर खाली उमटवलेली छोटी ठशासारखी खूण पाहून अशा प्रती वेगळ्या काढतात. पण जर्मन मुद्रण कामगारांच्या संघटनेने १९२४ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्युखरगिल्डे गुटेनबर्ग’ या सभासदांच्या ग्रंथमंडळाने बी. ट्रॅव्हन यांची खलाशांवरची ‘दास टोटेनशिफ’ १९२६ मध्ये काढली, आणि तीच तिची खरी पहिली आवृत्ती आहे. म्हणजे क्लबची प्रत आणि पहिली आवृत्ती हे इथे एकच पुस्तक. शिवाय अशा संघटना छपाईच्या कामात स्वतः मुरलेल्या असल्याने त्यांची बांधणी आणि अक्षररचना पुष्कळदा व्यापारी प्रकाशकांपेक्षा सरस असते, हे प्रत हाताळल्याशिवाय पटत नाही.

मालकीच्या खुणांकडे पाहण्याची दृष्टीही दोन वाटांवर निराळी आहे. पहिल्या वाटेवर कोणाचे नाव, शिक्का, पेन्सिलीने ओढलेल्या रेघा हे सारे दोष. दुसऱ्या वाटेवर कामगार संघटनेच्या वाचनालयाचा शिक्का, मागे चिकटवलेली देवघेवीची चिठ्ठी, समासात एखाद्याने केलेला मजुरीचा हिशेब, यासाठीच प्रत घ्यावी. मात्र वाचनालयाचा शिक्का असेल तर ते पुस्तक रीतसर काढून टाकल्याची नोंद किंवा ‘रद्द’चा शिक्काही आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, नसेल तर विक्रेत्याकडे विचारणा करावी, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर प्रत सोडून द्यावी. झोला यांच्या ‘जर्मिनाल’सारख्या (शार्पांतिए, १८८५) फ्रेंच पुस्तकांत खुणांचा प्रश्न मुखपृष्ठापासून सुरू होतो. ती पुठ्ठ्याऐवजी साध्या कागदी मुखपृष्ठांत विकली जात आणि ग्राहक आपल्या पसंतीने बांधून घेई, त्यामुळे बांधताना मूळ कागदी मुखपृष्ठे राखली आहेत की फेकली आहेत यावर किमतीत मोठे अंतर पडते.

जतनाच्या बाबतीत दुसरी वाट निःसंशय खडतर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सर्रास वापरात आला, आणि स्वस्त आवृत्त्या व साप्ताहिके याच कागदावर छापली गेली. वर्तमानपत्री कागदाचा अंक घडीवर तुटतो, कडा चुरतात, आणि दर वेळी उघडताना थोडा थोडा नाहीसा होतो. असे अंक आम्लमुक्त खोक्यात सपाट, उजेडापासून दूर आणि फारसे चढउतार नसलेल्या दमटपणात ठेवावे लागतात. साध्या चिकटपट्टीने डागडुजी अजिबात करू नये. तिचा चिकट थर कागदात मुरून कायमचा तपकिरी डाग पडतो. कापडी बांधणीच्या पुस्तकाला वेष्टनावर पॉलिएस्टरचे पारदर्शक आवरण, उभी मांडणी आणि ऊन टाळणे एवढे बहुधा पुरते.

पुनर्विक्रीचा विचार असेल तर तुलना थोडक्यात आटोपते. नामांकित पहिल्या प्रतींना लिलावांचे मागचे भाव उपलब्ध असतात आणि गिऱ्हाईक मिळते. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या प्रकाशनगृहाची कादंबरी कितीही दुर्मिळ असली तरी ती मागणाराही तितकाच दुर्मिळ असतो. गुंतवणूक म्हणून कोणी या विषयाकडे येत असेल, तर त्याने पहिलीच वाट धरावी आणि तीही वेष्टनाच्या स्थितीवर तडजोड न करता.

वाचक म्हणून किंवा अभ्यासक म्हणून येणाऱ्याला मात्र मी दुसरी वाट सुचवेन, एका दुरुस्तीसह. तिच्यात एक कादंबरी निवडून तिचे सगळे अवतार जमवावेत: क्रमशः आलेले अंक, पहिले पुस्तक जमले तर, संक्षिप्त स्वस्त आवृत्ती, अनुवाद आणि पूर्ववत केलेला मजकूर. दहा वेगवेगळ्या कादंबऱ्यांची एकेक प्रत ठेवण्यापेक्षा यातून अधिक कळते, आणि खर्चही आटोक्यात राहतो, कारण महाग अशी एखादीच कडी असते आणि तिच्यासाठी थांबता येते. अशी निवड करताना जिच्या मजकुरात खरोखर बदल झाले आहेत अशीच कादंबरी घ्यावी. ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ त्यासाठी फारशी उपयोगाची नाही, ट्रेसेल किंवा सिंक्लेअर पुष्कळ. खरेदीच्या आधी त्या पुस्तकाची एखादी विश्वसनीय ग्रंथसूची मिळवून वाचावी, आणि विक्रेत्याकडून कॉपीराइटचे पान, शीर्षकपान, पुस्तकाचा कणा आणि शेवटच्या पानाची छायाचित्रे मागवावीत. शेवटचे पान अशासाठी की कापलेल्या आवृत्त्या बहुधा तिथेच ओळखू येतात.