सहा महिने 'पीरीड' वापरल्यानंतर

'पीरीड' (pread) म्हणजे फाइलच्या सांगितलेल्या जागेपासून वाचणारा सिस्टिम कॉल. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक मोठी डेटा फाइल आहे. ती एकदाच उघडायची आणि आठ थ्रेडनी (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांनी) तिच्यातली वेगवेगळी रेकॉर्ड वाचायची, असं काम. आधी सगळीकडे 'एलसीक' करून, म्हणजे वाचायची जागा ठरवून, मग 'रीड' होतं. महिन्यातून एखाद्या वेळी भलतंच रेकॉर्ड हाती यायचं. एरर नाही, क्रॅश नाही, रेकॉर्डही अगदी धडधाकट. फक्त मागितलेलं ते नव्हे. अशा चुकीची मला खरंच धास्ती वाटते, कारण ती ओरडत नाही.

कारण सापडायला दोन आठवडे गेले. चालू ऑफसेट, म्हणजे फाइलमध्ये आपण कुठवर आलो ती जागा, कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) ओपन फाइल डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या नोंदीत असतो. एकच डिस्क्रिप्टर (त्या नोंदीकडे नेणारा क्रमांक) वापरणारे थ्रेड, 'डप'ने काढलेली त्याची प्रत, 'फोर्क'ने नवी प्रोसेस काढल्यावरची चाइल्ड प्रोसेस, सगळे तोच ऑफसेट हलवतात. माझा थ्रेड सीक करून रीडकडे वळेपर्यंत दुसऱ्याने तो कुठेतरी नेलेला असायचा. लिनक्स ३.१४ पासून एकेक रीड चालू असताना ऑफसेटवर लॉक असतो, पण सीक आणि रीड यांच्या मधली फट त्याने बुजत नाही. म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारं कुलूप) लावला तेव्हा चूक थांबली, मात्र आठही थ्रेड रांगेत उभे राहिले.

पीरीडला कुठून वाचायचं ते कॉलमध्येच सांगायचं. सामायिक ऑफसेटला तो हातही लावत नाही. म्युटेक्स गेला, दोनाचा एक कॉल झाला आणि या सहा महिन्यांत चुकीचं रेकॉर्ड एकदाही आलेलं नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. मागितल्यापेक्षा कमी बाइट येऊ शकतात, तेव्हा लूप हवाच. आणि पुढच्या फेरीत ऑफसेट आपणच वाढवायचा. मी एका ठिकाणी ते विसरल्यामुळे तोच तुकडा पुन्हा वाचला जात होता. शून्य आलं की फाइल संपली. पाइपवर पीरीड चालत नाही, 'ईएसपाइप' ही एरर मिळते, म्हणून स्टँडर्ड इनपुटसाठी साधं रीड ठेवलंय. ३२ बिट बिल्डमध्ये 'ऑफ-टी' (ऑफसेट ठेवायचा टाइप) ६४ बिटांचा करून घ्या, नाहीतर २ जीबीच्या पुढे अडाल.

लिहिण्याच्या बाजूला 'पीराइट'ने (पीरीडच्याच लिहिणाऱ्या जोडीदाराने) मला चकवलं. फाइल 'ओ-अपेंड'ने (नेहमी शेवटीच जोडायच्या पद्धतीने) उघडली असेल तर लिनक्स दिलेला ऑफसेट बाजूला ठेवून शेवटीच लिहितो. पॉझिक्स या युनिक्स मानकाला हे मान्य नाही, आणि लिनक्सच्या मॅन पेजमध्येही (माहितीपानातही) ते 'बग्ज'खालीच नोंदलेलं आहे. हेडर दुरुस्त करायला मी आता तीच फाइल अपेंडशिवाय वेगळी उघडतो.