कीझरसाठी इंकबर्ड आयटीसी-३०८ : कंट्रोलर चोख, सेटिंग मात्र बदलून घ्या

कीझर म्हणजे केग (बिअरच्या धातूच्या टाक्या) थंड ठेवून नळाने बिअर काढण्यासाठी वापरलेला चेस्ट फ्रीझर. चेस्ट फ्रीझर बनवलेला असतो उणे १८ अंशांसाठी आणि केगमधल्या बिअरला हवे असतात ३ ते ४ अंश. फ्रीझरचा मूळ थर्मोस्टॅट अगदी कमी थंडीवर आणला तरी केग गोठतात, कारण बिअर उणे २-३ अंशांच्या आसपासच बर्फ धरू लागते. म्हणून भिंतीतलं सॉकेट आणि फ्रीझरचा प्लग यांच्यामध्ये तापमान पाहून वीज जोडणारा-तोडणारा वेगळा कंट्रोलर लागतो. आयटीसी-३०८ त्या जागी बसतो. वायर कापायची नाही, फ्रीझर उघडायचा नाही. २२० व्होल्टवर २२०० वॉट आणि ११० व्होल्टवर ११०० वॉट ही त्याची क्षमता घरगुती फ्रीझरसाठी भरपूर आहे.

त्याला दोन सॉकेट असतात, एक कूलिंगचं आणि एक हीटिंगचं. फ्रीझर कूलिंगमध्ये लावायचा आणि हीटिंग रिकामं सोडायचं. हवा फिरवायला आत ठेवलेला पंखा तिथे लावावा असं वाटतं, पण मग तो पंखा बहुधा कधीच फिरणार नाही.

नवा कंट्रोलर येतो २५ अंशांवर, २ अंशांच्या फरकाने आणि ३ मिनिटांच्या कंप्रेसर-विलंबाने. कीझरसाठी यातलं काहीच ठेवू नये. टीएस (ठरवलेलं तापमान) ३ आणि सीडी (कूलिंगचा फरक) १ केलं की तापमान ४ ला पोचल्यावर फ्रीझर सुरू होतो आणि ३ ला बंद होतो. फरक फक्त वरच्या बाजूला मोजला जातो, त्यामुळे सरासरी साडेतीनच्या आसपास राहते. टीएस म्हणजे मधला आकडा, असं समजून ४ लावणाऱ्यांची बिअर कायम थोडी गरम निघते. पीटी (कंप्रेसर-विलंब) ५ मिनिटांवर न्या. बंद पडलेल्या कंप्रेसरच्या दोन बाजूंमधला दाब समान व्हायला वेळ लागतो. त्याआधी तो पुन्हा सुरू झाला तर त्याचा ओव्हरलोड (संरक्षक स्विच) तुटतो आणि असं वारंवार घडलं तर कंप्रेसर जातो. अलार्मच्या मूळ मर्यादा इतक्या लांब असतात की तो कधी वाजतच नाही. एएच (वरची मर्यादा) ८ आणि एएल (खालची मर्यादा) १ करा. सेन्सर कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या दाट काल्यात ठेवून तपासा, आणि ० ऐवजी ०.६ दिसलं तर सीएमध्ये (सेन्सरची दुरुस्ती) उणे ०.६ भरा.

सेन्सर कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून आहे. नुसता हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच कंप्रेसर धावतो. केगच्या मध्यावर टेपने चिकटवून वरून फोमचा तुकडा लावला तर बिअरचं खरं तापमान कळतं. पण १९ लिटर द्रव सावकाश थंड होतो, तोवर फ्रीझरच्या भिंती बर्फाळ होतात आणि कंप्रेसर थांबल्यावरही बिअर एखादा अंश खाली उतरते. म्हणून केग भिंतीपासून २-३ सेंटिमीटर दूर ठेवा. भिंतीला टेकलेल्या केगमध्ये कडेला बर्फ धरतो.

एक गोष्ट खरेदीपूर्वीच पाहा. वीज गेली आणि आली की तुमचा फ्रीझर आपोआप सुरू होतो का? साधी फिरवायची कळ असलेले फ्रीझर होतात. इलेक्ट्रॉनिक पॅनलवाल्या काही फ्रीझरांत दर वेळी बटण दाबावं लागतं, आणि हा कंट्रोलर तर दिवसभर वीजच तोडत-जोडत असतो. अशा फ्रीझरसोबत तो निरुपयोगी.

नळ बसवण्यासाठी भोक फ्रीझरच्या भिंतीत पाडू नये. चेस्ट फ्रीझरमध्ये वायूच्या नळ्या भिंतींच्या आतूनच फिरतात, आणि त्यातला आर-६००ए हा थंडावा देणारा वायू पेटणारा असतो. झाकणाखाली लाकडी कॉलर (चौकट) बसवा : साधारण १४ सेंटिमीटर उंच, ३८ मिलिमीटर जाड, आतून २५ ते ४० मिलिमीटर फोम, खाली सिलिकॉन सीलंट आणि बिजागऱ्या कॉलरवर. बॉल-लॉक जोडणीचा (घरगुती बिअरसाठी नेहमीचा) केग सुमारे ६३ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद, त्यावर नळ्या जोडणाऱ्या कपलिंगची उंची वेगळी. पुठ्ठ्याची २२ सेंटिमीटरची वर्तुळं फ्रीझरच्या तळात मांडून पाहिल्याशिवाय फ्रीझर घेऊ नका. कंप्रेसरवरच्या उंचवट्यावर बिअर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा लहान गॅस सिलिंडर किंवा काही वेळा कॉलरमुळे एखादा केगही मावतो. शँकसाठी (नळाला कॉलरमधून आतल्या नळीशी जोडणारा पोकळ दांडा) २२ मिलिमीटरचं भोक होल-सॉने पाडायचं, आणि शँक लाकूड अधिक फोम यांच्या जाडीपेक्षा लांब घ्यायची. नळ स्टेनलेस स्टीलचाच. क्रोम चढवलेलं पितळ बिअरच्या आम्लाने कालांतराने उघडं पडतं. भरलेला केग २३-२४ किलोचा आणि कॉलरवरून उचलून आत सोडायचा, म्हणजे पाठीची परीक्षा. दोनच केग ठेवणार असाल तर उभा फ्रिज बरा.

पहिल्या ग्लासात फेसच फेस येतो त्याचा दोष लोक दाबाला देतात. कारण बहुतेकदा वेगळं असतं : थंड हवा तळाशी बसते, कॉलर गरम राहते आणि नळातच गॅस सुटतो. १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा हवा खालून वर ढकलेल असा, वेगळ्या जोडणीवर, चोवीस तास चालू ठेवा. ४ अंशांवर १२ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे सुमारे २.५ व्हॉल्यूम कार्बोनेशन (बिअरच्या अडीचपट आकारमानाचा गॅस तिच्यात विरघळलेला), आणि त्या दाबाला ४.८ मिलिमीटर आतील व्यासाची साधी विनाइल नळी जवळपास ३ मीटर लागते. नळी दीड मीटर घेऊन दाब ५ वर आणला, तर काही दिवसांत बिअर मंद होते.

दमट हवामानात तळात पाणी साचतं आणि बुरशी येते, कारण इथे आपोआप डीफ्रॉस्ट होत नाही. सिलिका जेलची पुन्हा वाळवता येणारी डबी ठेवा, कॉलरच्या आतलं लाकूड रंगवून घ्या. आणि गॅसच्या सगळ्या जोडण्यांना साबणाचं पाणी लावा : एका रात्रीच्या गळतीत सिलिंडर रिकामा होऊ शकतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने फ्रीझरच्या खड्ड्यात साचून राहतो. झाकण उघडताच आत वाकू नका.

कंट्रोलरची एकच खरी उणीव : त्यातला रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) वीज जोडलेल्या अवस्थेत चिकटून बसला तर तो फ्रीझर थांबवू शकत नाही, फक्त ओरडू शकतो. म्हणूनच एएल १ वर, आणि कंट्रोलर अशा जागी की ओरडणं ऐकू येईल.