आरएक्स १३५ चं इंजिन काम: धुळ्यातल्या बिनपाटीच्या लेथचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. यामाहाची आरएक्स रोज रस्त्यावर चालवायची असेल आणि अधूनमधून ४०२ मीटरच्या ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीलाही न्यायची असेल, तर खान्देशात गाडी ज्यांच्या हातात मी डोळे झाकून देईन असे एकच मिस्त्री आहेत. धुळ्यात हायवेच्या अलीकडे, ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं लेथ आहे. दुकानाला पाटी नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गल्लीत कुणालाही 'टू-स्ट्रोकवाले आप्पा' विचारा, बोट दाखवतील.

माझं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे लेथ, व्हर्नियर, मायक्रोमीटर माझ्या रोजच्या ओळखीचे. कोण मापून काम करतो आणि कोण अंदाजाने, हे मला पाच मिनिटांत कळतं. गाडी आहे आरएक्स १३५, पाच गिअरची, पारोळ्याच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेली. आरएक्स १०० ही १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, तरी आमच्याकडे तिचा आणि तिच्या १३५ भावंडाचा मान अजून तसाच आहे. लग्नाच्या वरातीत नवी गाडी कुणी बघत नाही, आरएक्सचा आवाज आला की म्हातारी माणसंसुद्धा मान वळवतात.

आप्पांचा पहिला प्रश्न अहिराणीत येतो: "तुले गाडी कोठे पयाडनी शे, ते आधी सांग." म्हणजे गाडी कुठे पळवायची आहे ते आधी सांग. बहुतेक पोरं इथेच अडखळतात. त्यांना फक्त 'पॉवर' हवी असते. टू-स्ट्रोकमध्ये पॉवर म्हणजे कोणत्या आरपीएमला, हे ठरवल्याशिवाय पुढचं एकही काम ठरत नाही. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलेंडरमधून धूर बाहेर जायचं भोक, वर घेतला की वरची पॉवर वाढते आणि खालची जाते. सायलेन्सरच्या जागी चेंबर बसवला तर तो एका ठराविक पट्ट्यातच काम करतो. ड्रॅगवाली गाडी आठ-दहा हजार आरपीएमला जिवंत होते, पण तीच गाडी बाजारात भाजीच्या गाड्यांमधून काढताना क्लच जाळते. मी सांगितलं, रोज अमळनेर-धुळे, आणि मध्ये कधीतरी ड्रॅग. आप्पांनी त्यावरून आकडा ठरवला: पॉवरचा पट्टा साधारण साडेसहा हजार आरपीएमपासून सुरू झाला पाहिजे. पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

मी गेलो होतो मोठा पिस्टन टाकायचं डोक्यात घेऊन. आप्पांनी कागदावर हिशेब करून दाखवला. १३५ चा बोअर (सिलेंडरचा व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५० मिमी, म्हणजे १३२ सीसी. शंभर साइजचा, म्हणजे १ मिमी मोठा पिस्टन टाकला आणि बोअर ५९ केला, तरी होतात १३६.७ सीसी. साडेचार सीसी वाढले आणि ब्लॉकचं एक आयुष्य संपलं. बोअर करायचा तो ब्लॉक घासला म्हणून, पॉवरसाठी नाही. त्याच्याही पुढचे मोठे पिस्टन बाहेरून मिळतात, पण त्यासाठी स्लीव्ह (सिलेंडरच्या आतली नळी) बदलावी लागते, पोर्ट नव्याने काढावे लागतात, आणि क्रँकचा बॅलन्सही बघावा लागतो. नॅशनल ड्रॅग चॅम्पियनशिपमध्ये टू-स्ट्रोकचा १३१ ते १६५ सीसी असा गट असतो. त्यात उतरायचंच असेल तर तो खर्च समजू शकतो. रस्त्याच्या गाडीला मला तो पटला नाही, आप्पांनाही नाही.

मग क्रम ठरला. आधी चेंबर, मग त्याला जुळेल इतकंच पोर्टिंग, मग हेड, मग कार्बोरेटर आणि रीड (आत आलेलं मिश्रण परत जाऊ न देणारी झडप), आणि शेवटी चेन सॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं. बऱ्याच ठिकाणी हे उलटं होतं: पोर्ट घासून मोठे करतात आणि मग मिळेल तो चेंबर ठोकतात. चेंबर म्हणजे आवाज करणारी नळी, हा समज इतका पक्का आहे की इथे थोडं थांबायला हवं. इंजिनातून धूर बाहेर पडतो तेव्हा दाबाची लाट नळीतून पुढे जाते. नळी जिथे रुंद होत जाते तिथून उलटी ओढ तयार होते, ती सिलेंडरमधला उरलेला धूर खेचते, सोबत थोडं ताजं पेट्रोलही बाहेर ओढते. पुढे नळी अरुंद होते, तिथून लाट आदळून परत येते आणि बाहेर पडलेलं ते ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आधी सिलेंडरमध्ये ढकलते. हे सगळं वेळेवर व्हायला नळीची लांबी त्या आरपीएमला जुळायला हवी. आखूड नळी जास्त आरपीएमला चालते, लांब नळी कमी आरपीएमला. मी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चेंबर मागवला होता. त्यावर ना आरपीएम लिहिलेलं, ना कोनांची मापं, आणि वेल्डिंगचा थेंब आतल्या बाजूला नखाएवढा लोंबत होता. विचारलं तर उत्तर आलं, "सब गाड़ी में चलता है." आप्पांनी तो बाजूला ठेवला आणि पत्रा कापून, कोन वळवून स्वतः नवा बनवला. साडेसहा हजार रुपये घेतले. सगळ्यात चोख काम हेच झालं.

पोर्टिंगला त्यांनी क्रँकवर डिग्रीची चकती लावली, एक्झॉस्ट कधी उघडतो ते लिहून घेतलं, मगच टूल हातात घेतलं. या स्ट्रोकला पोर्ट १ मिमी वर गेला की उघडं राहण्याचा वेळ सुमारे ५ अंशांनी वाढतो. त्यांनी एवढंच घेतलं. रुंदी तर जवळजवळ वाढवलीच नाही, कारण ती बोअरच्या ७० टक्क्यांकडे गेली की रिंग पोर्टमध्ये फुगून कडेला अडकते आणि तुटते. बोअर-होनिंग झाल्यावर पोर्टच्या कडा हाताने मारल्या, प्रत्येक पोर्टच्या. ब्लॉक घेताना बोट आत घालून बघा. कड बोटाला कापत असेल तर तसा ब्लॉक बसवू नका, मिस्त्री कितीही नावाजलेला असो. पिस्टनची फट ठेवली अडीच थाऊ, म्हणजे ०.०६ मिमी. थोडी सैल वाटेल, थंड असताना किंचित खडखडते. पण मे महिन्यात धुळ्याचा पारा ४४-४५ ला जातो, तिथे घट्ट पिस्टन टिकत नाही. आप्पांच्या शब्दांत, "मे महिनामा धरी लेई," म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्येच अडकेल.

हेडचं काम बघण्यासारखं आहे. हेड घासायच्या आधी त्यांनी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घातली, कडेला टेकवली, किक हाताने हळूच दाबून पिस्टन वर आणला. तार चेपली. बाहेर काढून चेपलेलं टोक व्हर्नियरमध्ये धरलं: १.६ मिमी. समोरच्या बाजूला पुन्हा तेच केलं, मग दोन्ही बाजूंना. मग लेथवर हेड लावून हलका हलका कट घेत, मध्ये परत तार घालत, १ मिमीवर आणून थांबले. मी म्हटलं, अजून थोडं घासा, कॉम्प्रेशन वाढेल. ते म्हणाले, "पहिले माप, मंग पॉवर." स्क्विश, म्हणजे पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली ही फट, योग्य झाली की मिश्रण कडेहून मध्याकडे जोरात ढकललं जातं, जळण चांगलं होतं, आणि कडेला साचलेलं पेट्रोल स्वतःहून पेटत नाही. नुसतं कॉम्प्रेशन वाढवून आमच्या उन्हात फक्त पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात. त्यांनी असे दोन पिस्टन भिंतीवर खिळ्याला टांगलेत, कुणाला समजावायचं असलं की काढून हातात देतात.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. आप्पा गाडी देताना सोबत एक छोटी डबी देतात. त्यात दुसरा मेन जेट असतो, म्हणजे कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा बारीक भोकाचा तुकडा. नंबर मोठा, तितकं पेट्रोल जास्त. माझ्या गाडीला उन्हाळ्यात १३०, हिवाळ्यात १४०.

आमच्याकडे सगळे उन्हाळ्याला घाबरतात. पण जेट मे महिन्यात जुळवलेला असेल तर इंजिन जातं ते जानेवारीत. धुळ्यात हिवाळ्यात पारा ६ अंशांपर्यंत खाली येतो. ४५ अंशांच्या हवेपेक्षा ६ अंशांची हवा सुमारे १४ टक्के दाट असते. तोच जेट, पण इंजिनात हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण कोरडं पडतं, जळण तापतं, आणि पहाटे मोकळ्या रस्त्यावर मजेत पूर्ण थ्रॉटल दिला की पिस्टन धरतो. माणसाला वाटतं थंडी आहे, इंजिन गार राहील. म्हणूनच खान्देशात इंजिन वाढवताना एकाच दिवसाच्या हवेवर भरवसा ठेवता येत नाही. ही गोष्ट मला याआधी कुणीही सांगितली नव्हती, आणि त्यासाठी मी आप्पांना सगळ्यात जास्त गुण देतो.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेला जेट या पेट्रोलवर आणखी कोरडा पडतो. जुने जेट नंबर, जुन्या याद्या, पंधरा वर्षांपूर्वी कुणी मित्राने सांगितलेलं सेटिंग, सगळं आता एक-दोन नंबर वर घ्यावं लागतं. ऑक्टेन वाढल्याचा फायदा आहे, पण इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

जेट बरोबर आहे की नाही हे ते प्लगवर बघतात. ओळखीच्या एका जिनिंगचं मोठं आवार आहे, हंगाम संपला की मोकळं असतं, मालकाला विचारून तिथे जातात. नवा प्लग लावायचा, तिसऱ्यात पूर्ण थ्रॉटल, मग एकाच वेळी क्लच दाबून किल स्विच मारायचा आणि गाडी तशीच थांबवायची. इंजिन स्लोवर एक मिनिट चाललं तरी रंग बिघडतो. प्लग काढून आप्पा चष्मा कपाळावर चढवतात आणि टॉर्च लावून चिनीमातीच्या अगदी मुळाशी, लोखंडाजवळची कड बघतात. टोकाचा रंग बघणाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. मुळाशी बारीक काळसर-तपकिरी कडं दिसलं तर जेट बरोबर. पांढरं असेल तर तिथेच गाडी बंद, मोठा जेट घालेपर्यंत किक नाही.

रीडला फायबरच्या पाकळ्या टाकल्या, थ्रॉटलचा प्रतिसाद सुधारला, बाकी सांगण्यासारखं फार नाही. क्लचला कडक स्प्रिंग लागल्याच, नाहीतर लाँचला प्लेटा घसरतात. ऑइल पंप मी ठेवला आहे. ड्रॅगच्या दिवशी मात्र टाकीत लिटरला ४० मिली टू-टी ऑइल मिसळतो.

चेन सॉकेटबद्दल एक सल्ला सगळ्यांना. पैसे कमी असतील तर आधी हेच करा. पुढचं १४ दात्यांचं १३ चं केलं की चाकावरचा ओढा जवळजवळ ८ टक्क्यांनी वाढतो, तेही काहीशे रुपयांत. बाकी कुठलंही काम या पैशांत एवढं देत नाही. टॉप स्पीड जातो, पण ४०२ मीटरमध्ये तो कितींना लागतो? मी दोन सॉकेट ठेवतो, रस्त्याला १४, ड्रॅगला १३, आणि बदलायला अर्धा तास लागतो.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा होते, तशा आयोजित ठिकाणीच गाडी सोडा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि इंजिनात मोठे बदल करून रस्त्यावर फिरवलं तर त्याचं कलम वेगळं. आप्पा हे स्पष्ट सांगतात. हायवेवर पैज लावणाऱ्या पोरांची गाडी ते घेत नाहीत, मी समोर परत पाठवलेली पाहिली आहे. गावात मी मूळ सायलेन्सरच लावतो, आणि चेंबर काढला की जेटही बदलतो.

आता उणिवा. डायनो (पॉवर मोजायचं यंत्र) नाही, त्यामुळे किती घोडे वाढले याचा कागद मिळणार नाही. गाडीची खेच बदलली हे नक्की, पण आकडा विचाराल तर माझ्याकडे नाही. वेळ फार लागतो. 'आठ दिवस' म्हणतात आणि महिना जातो, फोन उचलत नाहीत. पक्कं बिल मिळत नाही, झालेलं काम वहीत लिहून ठेवतात आणि मागितलं तर फोटो काढू देतात, तो जरूर काढा. चेंबरचा मागचा ब्रॅकेट काही महिन्यांनी तडकला, थरथर सहन झाली नाही. त्यांनी रबर बूश घालून नवा करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण तो पहिल्यांदाच असा करायला हवा होता.

बोअर-होनिंगपासून हेड-पोर्टिंगपर्यंतच्या मजुरीचे साडेसहा हजार, चेंबर वेगळा, पिस्टन-रिंग आणि रीड माझे. जायचं असेल तर सकाळी लवकर जा, दुपारी एकनंतर उन्हामुळे शटर अर्धं ओढलेलं असतं. गाडीची चालू अवस्था, कोणतं पेट्रोल घालता, कोणत्या रस्त्यावर चालवता आणि वजन किती, हे आधीच सांगा. आणि ब्रेक आधी करून घ्या. पुढे मूळ ड्रम असेल तर ते इंजिनाला हात लावायच्या आधी लायनर नवीन टाकायला लावतात, त्यावर वाद घालू नका.